अंगावरून वारं गेलं: कोरियन वैद्यक आणि बीपी

सोलमध्ये जेगीदोंगला यांगन्योंगशी म्हणून जडीबुटीचा बाजार आहे, तिथे शिरलं की आधी वासच येतो, दालचिनी, सुंठ, जिनसेंग, सगळं पोत्यापोत्यांनी उघड्यावर. तिथला वैद्य, म्हणजे हानउइसा, तुमच्या मनगटावर तीन बोटं ठेवतो, कधी हलकी, कधी दाबून, आणि नाडी वर उसळतेय का, तारेसारखी ताणलीय का ते बघतो.

त्यांचा मोठा ग्रंथ 'दोंगुई बोगाम', राजवैद्य हो जूनचा, 1613 मध्ये छापला गेला. आता विचार करा, बीपी मोजायला दंडाला बांधायचा पट्टा इटलीत आला 1896 ला, म्हणजे तेव्हा बीपीचा आकडा कुठून असणार! त्यांना दिसायचं ते डोकं जड, चक्कर, कानात आवाज, चेहरा लालबुंद. त्यांचं म्हणणं असं की यकृताची आग वर चढते आणि मूत्रपिंडाचं पाणी तिला खाली धरायला कमी पडतं. राग गिळून गिळून होणाऱ्या दुखण्याला तर वेगळं नावच आहे, ह्वाब्योंग, म्हणजे आगीचा आजार. आणि पक्षाघाताला ते जुंगपुंग म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा फटका. आपली आजी काय म्हणायची? अंगावरून वारं गेलं! इतक्या लांबच्या दोन भाषांना तेच सुचलं, मला हे फार विलक्षण वाटतं.

पण बीपी बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, ना चक्कर ना डोकेदुखी, त्यामुळे नुसत्या लक्षणांवर राहून चालत नाही, 140/90 च्या वर जातंय का ते पट्टा बांधूनच कळतं, आणि चालू गोळी मनाने बंद करायची नाही म्हणजे नाही.

अजून एक. त्या बाजारातले पिवळसर काप घ्या, गामचो, म्हणजे आपलं ज्येष्ठमध. कोरियन काढ्यांत ते इतकं असतं की सगळीकडे हजर असणाऱ्या माणसालाच तिकडे 'औषधाच्या दुकानातलं गामचो' म्हणतात. पण हेच जास्त प्रमाणात, खूप दिवस घेतलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घसरतं आणि बीपी वाढतं. माझी आई खोकल्यासाठी महिनाभर ज्येष्ठमधाचा काढा घेत होती, बीपीची गोळी चालू असताना, आणि डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, का तर म्हणे काढा म्हणजे काय औषध आहे का.