लाकडं की गॅस?

(ठाण्यातील ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'दहन : समजून घेऊ, घरात ठरवू'. तो वाचून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तिन्हीसांजेला कशाला असलं बोलायचं?" म्हटलं, सकाळी तुम्ही तलावपाळीला फिरायला जाता, दुपारी झोपता. उरली तिन्हीसांजच.

आधी माझं जुनं दुखणं सांगते. माझे सासरे एका हिवाळ्यात मटार सोलता सोलता मला म्हणाले होते, "सूनबाई, मला गॅसदाहिनीत घाला. जाताना झाड कशाला न्यायचं बरोबर?" साक्षीला मी आणि मटार. ते गेले पुढच्या जुलैत. नौपाड्यातलं आमचं घर, बाहेर धो धो पाऊस. डोंबिवलीचे चुलतसासरे आले ते म्हणतच, "आपल्या घराण्यात चितेशिवाय झालेलं नाही." धाकटे दीर म्हणाले, गॅस. नणंदबाई नागपूरहून फोनवर, "मी येईपर्यंत काही ठरवू नका." बर्फाच्या लाद्या आल्या. तिरडीचे बांबू दारात भिजत पडले. गुरुजींना पुढे मुलुंडला सत्यनारायण होता, ते दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचे. मी मटारांची गोष्ट सांगितली, तर चुलतसासरे म्हणाले, "गमतीत बोलला असेल." अहो, माणूस गमतीतच खरं बोलतो! (हशा.) पण सुनेचा शब्द तो. शेवटी लाकडंच. स्मशानाचं नाव घेत नाही, पण लाकडं ओली होती. तूप नावाला, रॉकेल कामाला. घरची पुरुषमंडळी रात्री आठला परतली, आणि यजमान मला पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "तुझंच ऐकायला हवं होतं." हे त्यांनी पुन्हा कधीही म्हटलेलं नाही.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडा फळा वापरते. शरीरात निम्म्याहून जास्त पाणी. आधी ते उडायला हवं, मग बाकीचं जळतं. उघड्या चितेची बरीचशी धग आभाळाला जाते, म्हणून 300 किलोच्या आसपास लाकूड लागतं, पावसाळ्यात जास्तच. दाहिनी म्हणजे विटांनी बंदिस्त केलेली भट्टी. आतली उष्णता आतच फिरते, 800 अंशांच्या पुढे जाते, आणि साधारण दीड-दोन तासांत काम होतं. मागे राहते ती मुख्यतः हाडांतली खनिजं, कॅल्शियम फॉस्फेट. अस्थी दोन्हीकडे मिळतात, मंत्र दोन्हीकडे म्हणता येतात. आणि सगळ्यांनाच अग्नी देतात असंही नाही. तान्ह्या बाळांना पुरतात, लिंगायतांत दफन असतं, संन्याशाला समाधी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणे. मुख्य मुद्दे तर आत्ता येतायत!

तर भराभर. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा लागतो, त्याचा नमुना 4अ. म्हणून येणारा-जाणारा एक डॉक्टर हाताशी ठेवा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत. पेसमेकर असेल तर आधी काढून घ्यायचा, त्याची बॅटरी आगीत फुटते. डोळे द्यायचे तर सहा तासांच्या आत, आणि नेत्रदानानंतर दहन नेहमीसारखंच होतं. देहदानाला आपल्याकडे 1949 चा कायदा आहे, कळव्याचं वैद्यकीय महाविद्यालय तर खाडीपलीकडेच. पण शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि घरच्यांनी पाय मागे घेतला तर तुमचा भरलेला अर्ज कपाटातच राहतो. म्हणजे सोबत दुसरी पसंतीही लिहायला हवी.

घरात ठरवताना तीनच गोष्टी विचारा. लाकूड की गॅस की देहदान? कुणासाठी किती वेळ थांबायचं? आणि मतभेद झाले तर शेवटचा शब्द कुणाचा? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, तिथे मोठ्या भावाचं नाव आपोआप लिहू नका. दहावा, तेरावा, कावळा यांवर बोलायचं होतं, पण तो कावळा आता पुढच्या महिन्यात.

हो, ही उत्तरं लिहिलेला माझा कागद कुठे आहे विचारताय? गॅसच्या पुस्तकात. सिलिंडर संपला की मुलगा तिथे हमखास हात घालतो. परवाच त्याने तो वाचला आणि मला विचारलं, "आई, नंबर लावायचा का?"