प्रभूचं मेज आणि बेल्हारची साक्ष

(दृश्य : केप टाउनजवळची डोंगररांग, द्राक्षमळे, चुन्याच्या पांढऱ्या भिंतींचं जुनं चर्च)

१८२८ साल. दक्षिण आफ्रिकेतल्या समरसेट गावी, डच वसाहतवाल्यांच्या प्रोटेस्टंट चर्चच्या, म्हणजे डच रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळीत, बेंतुरा विसर नावाच्या एका मिश्रवर्णीय माणसानं विश्वासाचा अंगीकार केला, म्हणजे आपली श्रद्धा सर्वांसमोर जाहीर केली. आता तो इतर सभासदांसारखाच प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीला, बसणार होता. काही गोऱ्या सभासदांना ते रुचेना. आपल्या शेजारी? त्याच मेजाशी, त्याच वेळी?

वाद सिनडपर्यंत, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेपर्यंत गेला. १८२९ मध्ये सिनडनं दिलेल्या उत्तरात कुठेही संदिग्धता नव्हती. प्रभुभोजन सगळ्यांना एकत्रच मिळेल, वर्ण किंवा कूळ पाहिलं जाणार नाही, कारण हे देवाच्या वचनावर उभं असलेलं तत्त्व आहे.

हे आधी सांगायला हवं. पुढे जे घडलं ते अजाणतेपणी घडलं, असं म्हणण्याची सोयच उरत नाही. चर्चला ठाऊक होतं.

तरीही कुरबुर थांबली नाही. कॅट नदीच्या खोऱ्यातल्या स्टॉकेनस्ट्रॉमच्या काही गोऱ्या सभासदांनी प्रभुभोजन वेगळं मिळावं अशी मागणी केली आणि १८५७ मध्ये सिनड नमली. ठराव मोठा सावधपणे लिहिलेला आहे. एकत्र उपासना हीच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असं तो आधी मान्य करतो. मग म्हणतो, काहींच्या दुर्बलतेमुळे जिथे कामात अडथळा येत असेल, तिथे गोरेतर विश्वासणाऱ्यांसाठी वेगळी इमारत असायला हरकत नाही.

विश्वासात दुर्बल असलेल्यांना सांभाळून घ्या, हे पौलाचं सांगणं खरंच. पण इथे दुर्बल कोण ठरले? ज्यांच्याकडे जमीन होती, बंदूक होती, सत्ता होती, ते. त्यांच्या मनातली किळस सांभाळायची आणि तिची किंमत मात्र दुसऱ्यानं मोजायची. वेगळी कपबशी म्हणजे काय असतं, हे महाराष्ट्राला समजावून सांगावं लागत नाही.

१८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं मिशन चर्चच स्थापन झालं. पुढे काळ्या आफ्रिकनांसाठी आणखी एक, आणि १९६८ मध्ये भारतीयांसाठीही एक.

(दृश्य : कृष्णधवल चित्रफीत. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असे फलक, बाकं, रेल्वेचे डबे)

१९४८ मध्ये वर्णभेदाचं धोरण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान डी. एफ. मलान हे याच चर्चचे एकेकाळचे पाळक. उपासनामंदिरात मुरलेली सवय आता देशाचा कायदा झाली. लग्न कुणाशी करायचं, घर कुठे बांधायचं, सगळं रंगावरून ठरू लागलं. कोकणातून गेलेली मुसलमान कुटुंबंही केप टाउनमध्ये होती. कायद्यानं त्यांचाही रकाना ठरवून टाकला. केप टाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही गजबजलेली वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि साठ हजारांहून अधिक माणसांना शहराबाहेरच्या वाळूच्या सपाटीवर हलवण्यात आलं. बेल्हार हे त्याच सपाटीवरचं एक उपनगर.

पण गोऱ्या चर्चमधले सगळेच गप्प बसले नाहीत. बेयर्स नॉडे हे त्यातलेच एक पाळक. त्यांच्या वडिलांनी ब्रूडरबाँड ही आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या पुढाऱ्यांची गुप्त संघटना स्थापण्यात भाग घेतला होता आणि बेयर्स स्वतःही तिचे सभासद होते. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली. तोवर मनात साचलेल्या शंकांना आता बगल देता येईना. १९६३ मध्ये जोहान्सबर्गच्या आपल्या श्रीमंत मंडळीपुढे ते उभे राहिले. वचन निवडलं होतं प्रेषितांच्या कृत्यांमधलं : माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. त्यांनी पाळकपद सोडलं आणि सर्व वर्णांच्या ख्रिस्ती लोकांसाठी काढलेल्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचं काम हाती घेतलं. १९७७ पासून सात वर्षं सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली. एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलायचीही मुभा नव्हती. याच काळात ते गोरं चर्च सोडून काळ्या आफ्रिकनांच्या चर्चचे सभासद झाले.

(दृश्य : भाकर आणि प्याला मांडलेलं मेज)

ऑगस्ट १९८२, कॅनडातलं ओटावा. जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चेसची महासभा भरली होती. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे काही काळे आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधी मेजाकडे गेले नाहीत. ज्यांच्या चर्चमध्ये आम्हाला मायदेशी मेजाशी जागा नाही, त्यांच्यासोबत परदेशात बसून एकीचं नाटक कसं करायचं? सभा हादरली. वर्णभेद हे पाप आहे आणि त्याचं धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड आहे, असा निर्णय झाला. गोऱ्या चर्चचं सभासदत्व स्थगित झालं. ॲलन बुसाक हे मिश्रवर्णीय पाळक महासभेचे अध्यक्ष निवडले गेले.

ऑक्टोबरमध्ये बेल्हारला मिशन चर्चची सिनड बसली आणि तिनं विश्वासाचा नवा अंगीकार, म्हणजे मंडळी काय मानते ते सांगणारा लेख, लिहायला घेतला. लिहिणाऱ्यांत बुसाक यांच्याबरोबर डर्की स्मिट आणि याप ड्युरांड हे गोरे धर्मपंडितही होते. त्या अंगीकारात सरकारवर आगपाखड नाही. तो सांगतो की मंडळीची एकी ही ख्रिस्तानं दिलेली देणगी आहे आणि ती डोळ्यांना दिसली पाहिजे. समेट अशक्य आहे असं गृहीत धरणारी शिकवण तो नाकारतो. आणि देव विशेषकरून नाडलेल्यांचा, गरिबांचा, अन्याय सोसणाऱ्यांचा देव आहे, म्हणून मंडळीनं त्यांच्या बाजूला उभं राहावं, असं म्हणतो. आडभिंत ख्रिस्तानं आपल्या देहानं पाडली, असं इफिसकरांच्या पत्रात आहे. ती भिंत पुन्हा रचणं हा क्रुसाचाच नकार ठरतो. शिष्टाचार शिकवून हा प्रश्न सुटणारा नव्हता, कारण तो विश्वासाचा होता.

अंगीकारासोबत एक पत्र जोडलेलं आहे. मला ते तितकंच मोलाचं वाटतं. पहिला दगड मारण्याचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नाही, आमच्याही डोळ्यात मुसळ आहे, असं त्यात म्हटलंय. पिढ्यान्पिढ्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसांनी हे लिहिलं आहे.

१९८६ मध्ये अंगीकार स्वीकारला गेला. १९९० मध्ये रुस्टेनबर्गला भरलेल्या चर्चेसच्या परिषदेत स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर यांनी स्वतःच्या, आपल्या चर्चच्या आणि आफ्रिकानर समाजाच्या वतीनं पापाची कबुली दिली. काळे आर्चबिशप डेस्मंड टूटूंनी ती क्षमायाचना स्वीकारली. सगळ्यांना ते पटलं नाही. मला त्यांचा राग समजतो. जमीन, शाळा, घरं होती तिथेच होती.

(दृश्य : केप टाउनच्या उपनगरातली रविवारची उपासना)

एप्रिल १९९४ मध्ये, देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या काही दिवस आधी, मिशन चर्च आणि काळ्या आफ्रिकनांचं चर्च बेल्हारलाच एक झाले. पुढे अमेरिकेतल्या चर्चेसनीही हा अंगीकार आपला मानला : २०१० मध्ये रिफॉर्म्ड चर्चनं, २०१६ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चनं. मूळच्या गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासिनडनं २०११ मध्ये तो स्वीकारण्याच्या दिशेनं पाऊल टाकलं, पण त्यासाठी लागणारं बहुमत प्रांतोप्रांती मिळालं नाही. एकत्र आलेलं चर्च म्हणतं, बेल्हारशिवाय एकी नाही. एका कागदासाठी एवढं ताणू नका, असं त्यांना अनेकदा ऐकवलं जातं. मला त्यांचं ताणणं रास्त वाटतं. १८५७ मध्येही वाद नको म्हणूनच तडजोड झाली होती, आणि तिची किंमत कुणी मोजली ते त्यांच्या घरोघरी ठाऊक आहे.