कासाळें वाजवणारा मुलगा

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची. बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, सध्या लेकीकडे आले आहे. मघाशी चहाच्या वेळी तिघीजणींनी मला एकच विचारलं, "बाई, आमचा मुलांत मिसळतच नाही, काय करू?" तेव्हा आज त्यावरच बोलते.

बुजरेपणा म्हणजे तुमच्या वळणात राहिलेली खोट नव्हे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधली शंभरावर मुलं तान्हेपणापासून वर्षानुवर्षं पाहिली. त्यात साधारण १५ टक्के मुलं नव्या माणसांना सावकाश सरावणारी निघाली. पण नुसत्या स्वभावाने पुढचं ठरत नाही, घरच्यांशी त्या स्वभावाचं कसं जुळतं ते बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

केनेथ रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांची मुलं चौथ्या वर्षी पुन्हा पाहिली. ज्या बुजऱ्या मुलांच्या आया पदोपदी मधे पडत किंवा टोचून बोलत, ती इतरांचा खेळ लांबूनच बघत राहिली होती. ज्या आया तसं करत नव्हत्या, त्यांच्या मुलांत हा धागा पुढे दिसला नाही. अभ्यास आयांचा होता. माझ्या पाहण्यात बाबा-आजोबांचंही तेच. "तो ना, लाजाळू आहे हो," हे आपण मुलाच्या डोक्यावरून पाहुण्यांना सांगतो. तो ऐकत असतो.

आणि इथे एक भान ठेवा. आमची मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठीत गप्प बसतात. तुमची घरी मराठी, बाहेर इंग्रजी. काही मुलं बुजरी नसतात, फक्त शब्द गोळा करत असतात.

आमच्या शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगते. गणेश चवथीला आमच्याकडे पोरं घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं मातीचं वाद्य, घेऊन घरोघर आरतीला जातात. हा बापाच्या सदऱ्याला धरून उंबऱ्यातच. कुणीतरी म्हणालं, "काय रे, मूग गिळलेस?" तो आणखी मागे सरला. बाप रागावला नाही, की पोराच्या वतीने काही बोललाही नाही. त्याने कासाळें, म्हणजे आमची मोठी झांज, उचललं, घुमटवाल्या पोरांशेजारी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली मांडी घातली आणि लेकाला मांडीवर घेतलं. दोघांचे हात एकाच कासाळ्यावर. दुसऱ्या घरी मुलगा शेजारी बसला, कासाळें त्याच्या एकट्याच्या हातात. ताल चुकत होता, बापाने हात घातला नाही. घुमटवाला पोरगाच मान हलवून त्याला ठेका दाखवू लागला. तिसऱ्या घरी बाप खांबाला टेकून उभा. चौथ्या घरी तो अंगणातच थांबला, तुळशीपाशी, मुलाला दिसेल असा. मुलाने दोनदा वळून पाहिलं. मग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घुमटवाला पोरगा त्यांच्या फाटकाशी आला आणि ओरडला, "येता रे?" आतून चपला शोधण्याची धांदल ऐकू आली.