पेटी, पावती आणि शिक्का

(दृश्य : पत्र्याची पेटी. कुलपात किल्ली फिरते.)

ही पेटी जळगावातल्या हमालांच्या एका युनियनची. कुलूप गंजलंय, पण किल्ली सरचिटणिसांच्या करदोट्याला बांधलेली असते. आत वर्गणीची पावती पुस्तकं, ठरावाची वही, जमाखर्च. आणि तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला नोंदणीचा दाखला. सरचिटणीस म्हणतात, ‘हाई पेटी गई ते संघटना गई, भाऊ.’

(दृश्य : दाखल्यावरचा गोल शिक्का, अगदी जवळून.)

शिक्का निबंधकाचा. त्याची गोष्ट मद्रासपासून सुरू होते. तिथल्या बकिंगहॅम मिलनं कामगारांचे पुढारी बी. पी. वाडिया यांना थेट कोर्टात खेचलं. कामगारांना काम बंद करायला लावलं म्हणून नुकसानभरपाई मागितली. युनियन चालवणं म्हणजे कट, असं तेव्हा कोर्टात मांडता येत होतं. मग १९२१ साली कामगार नेते ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला : युनियनच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा कायदा करा. मालक मंडळींनी रेटून विरोध केला, पाच वर्षं गेली, आणि १९२६ चा कायदा झाला. नोंदलेल्या युनियनला संपासाठी कटाच्या खटल्यातून आणि दिवाणी दाव्यातून संरक्षण मिळालं. नोंदणी करणार कोण? सरकारनं नेमलेला निबंधक.

(दृश्य : बाजार समिती. तुरीची पोती पाठीवरून ट्रकमध्ये चढतात.)

पूर्वी सात जण जमले की अर्ज करता यायचा. २००१ च्या दुरुस्तीनं त्याच्या जोडीला आणखी एक अट आली : त्या धंद्यातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातला जो आकडा लहान असेल तितके सभासद हवेत. सात तर हवेतच. अर्जासोबत नियमावली, पदाधिकाऱ्यांची नावं, वयं, पत्ते. निबंधक त्रुटी काढतो, नाव दुसऱ्या युनियनशी मिळतंजुळतं असेल तर बदलायला लावतो. दाखला मिळाला तरी सुटका नाही. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंतचा हिशेब तपासून घेऊन पाठवायचा. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसानं रात्री बसून पावत्यांची बेरीज जुळवायची.

(दृश्य : बल्बच्या उजेडात वही. बोट ओळीवरून सरकतं.)

ही तपासणी नको, असं आम्ही म्हणत नाही. वर्गणी गिळणारे पुढारी खान्देशानंही पाहिलेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. नोंदणी द्यायची की काढून घ्यायची, हा अधिकार कायद्यानं निबंधकाला दिला, मंत्र्याला नाही. काढायची तर निदान दोन महिन्यांची लेखी नोटीस, कारणासह. वर अपीलही. कागदावर चोख. पण हा निबंधक कामगार खात्यातलाच अधिकारी. त्याची नेमणूक सरकारकडून, बदलीही सरकारकडून. आणि एसटीपासून नगरपालिकेपर्यंत हेच सरकार कुठं स्वतः मालक, कुठं मालकाचा मालक.

(दृश्य : जळगावचा खान्देश सेंट्रल मॉल. सरकता जिना, गर्दी.)

इथं खान्देश मिल होती. गिरण्यांना १९४६ चा वेगळा कायदा, त्यातही निबंधक सरकारचाच. ‘प्रातिनिधिक’ असा शिक्का एका संघटनेवर बसला की बोलणी तिनंच करायची. बाकीच्यांनी गेटबाहेर उभं राहायचं. १८ जानेवारी १९८२ ला संपानं मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा दत्ता सामंतांचा एक रोख याच कायद्यावर होता.

निबंधकाला खात्यातून काढून स्वतंत्र केलं, तर? ऑस्ट्रेलियानं करून पाहिलं. तिथली दृश्यं आमच्याकडे नाहीत, म्हणून थोडक्यात. २०१७ साली युनियनांवर देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग बसला. त्याच वर्षी मंत्र्यांनी एका मोठ्या युनियनच्या जुन्या देणग्यांचं प्रकरण आयोगाकडे धाडलं. पोलिसांचा छापा पडला, तर वार्ताहर आधीच दारात हजर! खबर मंत्र्यांच्या माध्यम सल्लागाराकडून गेली होती. त्याला राजीनामा द्यावा लागला. २०२३ मध्ये नव्या सरकारनं आयोगच गुंडाळला.

(दृश्य : पुन्हा पेटी. पावत्या मोजून रबरबँड लावतात.)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२६ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली. एकाहून जास्त युनियन असतील तिथं एकटीनं बोलणी करायला ५१ टक्के कामगार पाठीशी हवेत. निबंधक राज्य सरकारचाच. सरकारी हुकमानं संघटना बरखास्त होता कामा नये, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४८ चा करार भारतानं अजून स्वीकारलेला नाही. नोंदणी गेली तर युनियनला स्वतःच्या नावानं दावाही लावता येत नाही.

(दृश्य : पेटी बंद होते. किल्ली करदोट्याला. बाहेर ट्रक मागं घेतायत, कुणीतरी हाक मारतं.)

सरचिटणीस उठतात. तुरीची गाडी लागलीय.