रिकामे वर्तुळ

फलकावर 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असे लिहिलेले असले, तरी नागपूरचा ऑटोवाला आजही या ठिकाणाला 'पागलखाना चौक' असेच म्हणतो. याच शहरात आपल्याकडच्या आजाराबद्दल घराबाहेर अवाक्षर न काढणारी घरे का आहेत, हे त्या एका नावावरून समजावे.

आता हा कागद पाहा. शहरातील एका बाह्यरुग्ण कक्षात डॉक्टर त्यावर वंशावळ काढत आहेत. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे लग्न आणि तिच्यातून खाली उतरणाऱ्या रेघा म्हणजे मुले; आजार झालेल्याचा आकार काळा भरायचा. समोर बसलेला तरुण गेल्या महिन्यात आठवडाभर जेमतेम दोन-दोन तास झोपला, तरी थकला नाही. त्याआधी उन्हाळ्यात मात्र तो अंथरुणातून उठत नव्हता. "काकू, तुमच्या माहेरी कोणाला असा त्रास होता का?" आई नाही म्हणते, पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहते आणि मग म्हणते, "माझा मोठा भाऊ होता जी. पण त्याला बाहेरचं झालं होतं म्हणत." वरच्या ओळीतला एक चौकोन पेनाने काळा होतो.

अति उत्साह आणि खोल उदासी असे दोन टोकांचे झटके आणणाऱ्या या आजाराला बायपोलर विकार म्हणतात, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण ६० ते ८५ टक्के मोजला गेला आहे. पण त्यामागे एकच जनुक असेल, ही आशा फार काळ टिकली नाही. १९८७ साली अमेरिकेतील अमिश या आपापसातच लग्ने करणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून ११ व्या गुणसूत्रावर या विकाराची खूण सापडल्याचे जाहीर झाले आणि दोनच वर्षांत, त्याच कुटुंबातील आणखी नातेवाईक तपासल्यावर, तो दावा कोसळला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड लाखाहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या अभ्यासात जनुकसंचातील २९८ ठिकाणे या विकाराशी जोडलेली आढळली. त्यांतील प्रत्येकाचा प्रभाव अगदी थोडा असतो, त्यामुळे रक्त तपासून हा आजार होणार की नाही हे सांगता येत नाही.

काटोल मार्गावरच्या या रोपवाटिकेत जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे अंकुर, बांधला जात आहे. एकाच झाडाचे डोळे घेतले, तर सगळ्या कलमांचा आनुवंशिक वारसा एकच. तरीही बागेत एक झाड लदबदते आणि शेजारचे सुकते, हे कोणताही संत्रा बागायतदार सांगेल. माणसांतही तसेच: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला बायपोलर असला, तरी दुसऱ्याला तो निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. सख्ख्या भावंडांत तो शंभरातील पाच ते दहा जणांना होतो; उरलेल्या नव्वदांचा विचार स्थळे पाहणारी मंडळी करत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

उपचार टाळल्यास झटके पुन्हा येतात आणि आत्महत्येचा धोका वाढतो. लिथियमसारखी औषधे आहेत; ती रक्ताची वेळोवेळी तपासणी करून घ्यायची असतात.

कागदाच्या खालच्या ओळीत, तरुणाच्या चौकोनाशेजारी, एक वर्तुळ रिकामे आहे. ती त्याची धाकटी बहीण. तिच्यासाठी यंदा स्थळे पाहणे सुरू आहे. आई विचारते, "हा कागद बाहेर तर नाही जाणार ना जी?" २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे डॉक्टर तिला समजावून सांगतात आणि कागद फाइलमध्ये लावतात.