शनिवारवाड्यासमोरची पूर्व-पश्चिम

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात पत्ता विचारला की उत्तर येतं, 'सरळ जा, मारुतीचं देऊळ लागेल, तिथून डावीकडे.' त्याआधी 'कुणाकडे जायचंय?' ही चौकशी होतेच, ते असो. पूर्व-पश्चिम आपण ठेवलीय ती खरेदीखतातल्या चतुःसीमेपुरती.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये गुगू यिमिथिर भाषा बोलणारे मात्र हाताशी असलेली वस्तूही दिशेनंच सांगतात. तुमच्या पायाजवळ मुंगी असेल, तर ती पायाच्या उत्तरेला! त्यांच्यातल्या एकानं आपली होडी उलटल्याची हकीकत दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा सांगितली. एकदा तोंड पश्चिमेला होतं, एकदा उत्तरेला. पण होडी कशी कलंडली हे दाखवणारा हात दोन्ही वेळा खऱ्या दिशेलाच वळला.

त्याच प्रांतात कूक थायोरे भाषा आहे. लेरा बोरोडिट्स्की आणि अ‍ॅलिस गॅबी यांनी ती बोलणाऱ्यांना चित्रं दिली. माणूस म्हातारा होतोय, केळं खाल्लं जातंय, अशी. क्रमानं लावा म्हटलं. आपण ती डावीकडून उजवीकडे लावू, हिब्रू वाचणारा उलट लावेल. आता त्यांच्यातल्या एकाला मनातल्या मनात शनिवारवाड्यापुढे बसवू. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख. दरवाज्याकडे तोंड केलं, तर त्याची चित्रं डावीकडून उजवीकडे जातील. पाठ केली, की उजवीकडून डावीकडे. त्याच्या लेखी काळ पूर्वेकडून पश्चिमेला जातो, मग तुम्ही कुठंही तोंड करून बसा. आणि प्रयोगात दिशा कुणी सांगितलीही नव्हती.

म्हणून भाषा विचारांना कोंडून घालते, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या भाषेत काळाची कल्पनाच नाही, असं भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन वॉर्फ सांगून गेले. 1983 मध्ये एकेहार्ट मालोत्की यांनी त्याच भाषेतल्या काळवाचक शब्दांचा आणि रूपांचा जाडजूड ग्रंथच पुढे ठेवला. मला पटतं ते एवढंच, की बोलताना जे घडोघडी सांगावंच लागतं, त्याचा हिशेब मन न सांगता ठेवतं.

अँडीज पर्वतातले आयमारा लोक तर भूतकाळ समोर मानतात, कारण तो पाहिलेला असतो, भविष्य पाठीमागे. आपल्या 'पुढच्या आठवड्या'च्या नेमकं उलट. राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीटसर यांनी त्यांचे हातवारे टिपले, तेव्हा फक्त आयमारा बोलणारी म्हातारी माणसं येणाऱ्या दिवसांबद्दल बोलताना खांद्यावरून मागे हात करत होती. स्पॅनिश सफाईनं बोलणाऱ्या तरुणांचा हात मात्र बहुतेक वेळा पुढेच जात होता.