मालाडची बॉम्बे टॉकीज

नमस्कार मंडळी! आज मालाडबद्दल बोलूया. मालाड म्हटलं की हल्ली मॉल आणि लिंक रोडचं ट्रॅफिक आठवतं, पण 1934 साली हिमांशू राय आणि देविका राणी या नवरा-बायकोंनी इथे बॉम्बे टॉकीज ही सिनेमा कंपनी काढली तेव्हा मालाड मुंबईच्या हद्दीबाहेर होतं. स्टुडिओ, फिल्म धुण्याची लॅब सगळं एकाच आवारात, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग थेट जर्मनीहून आलेले, आणि हिरो-हिरॉइनसकट सगळे महिन्याच्या पगारावर!

आता माझा आवडता किस्सा. 'जीवन नैया' सिनेमाचं शूटिंग चालू, हिरो नजमुल हसन, हिरॉइन देविका राणी, म्हणजे मालकीणबाईच. आणि एक दिवस दोघं गायब! गेले ते थेट कलकत्त्याला. इकडे शूटिंग ठप्प, पैसा अडकलेला, मालकाची तर बायकोच गेलेली, बोलणार कोणाला? शेवटी कंपनीतलेच शशधर मुखर्जी मध्ये पडले, समजूत घालून देविका राणींना परत आणलं. बाई आल्या, नजमुल हसनला मात्र कायमचा नारळ. मग हिरो कोण? राय साहेबांची नजर गेली लॅबमधल्या एका पोरावर, कुमुदलाल गांगुली, शशधरबाबूंचा सख्खा मेहुणा, वकिलीचा अभ्यास सोडून आलेला, कॅमेऱ्यासमोर यायची इच्छा शून्य. ऑस्टेन साहेब म्हणे हा चालणार नाही. राय म्हणाले, हाच. नाव बदललं, अशोक कुमार! 1936 ला पिक्चर आला, त्याच वर्षी 'अछूत कन्या', आणि लॅबमधला पोरगा देशाचा हिरो. म्हणजे बघा, लॅबमधला!

पुढचं पटकन सांगतो. 1939 ला युद्ध पेटलं, इंग्रजांनी जर्मन मंडळींना नजरकैदेत टाकलं, 1940 ला राय वारले, मग कंपनीत दोन तट पडले. 1943 ला अशोक कुमार आणि शशधर मुखर्जींनी शेजारच्या गोरेगावात फिल्मिस्तान काढली. म्हणजे मालाडचं भांडण आणि गोरेगावला स्टुडिओ! गोरेगावातच पुढे 1977 ला फिल्मसिटीही आली.

बॉम्बे टॉकीज पन्नाशीच्या दशकात बंद पडली. त्या आवारात आता छोटे छोटे कारखाने आहेत, पण पत्ता अजून बॉम्बे टॉकीज कंपाउंड असाच चालतो. बघायला जायचं तर मालाड पश्चिमेला उतरा, आणि गाडी अजिबात नेऊ नका, पार्किंग मिळायचं नाही.